मशीनवर शिवलेल्या दुपट्याला चुण्या का पडतात

एका ताईंनी विचारलं आहे: "लेकीला सातवा महिना लागला आहे. बाळासाठी ३६ बाय ४२ इंचांचं दुपटं शिवायला घेतलं. वर सुती तुकड्यांचे चौकोन, पोटात वापरून मऊ झालेल्या साड्यांचे चार थर, खाली फ्लॅनेलचं अस्तर. आजवर गोधड्या हातानेच घातल्या. या वेळी गुडघे धरतात म्हणून घरच्या साध्या मशीनवर बसले. नेहमीसारखी कडेने सुरुवात करून आत आत गेले, तर मध्यावर मोठा फुगा आला, पाठीला चुण्या पडल्या, चौकोन एका अंगाला सरकले आणि खालच्या बाजूला दोऱ्याचे पुंजके झाले. खणाच्या तुकड्यांची एक छोटी गोधडी लेकीच्या हॉलमध्ये भिंतीवर लावायला करायची आहे. तीही अशीच शिवायची का? की मशीनचा नाद सोडून हातानेच धावदोरा घालू?"

ताई, मशीन सोडू नका. तुमची शिवण बिघडलेली नाही. तुम्ही हाताच्या गोधडीची रीत मशीनला लावलीत, आणि ती मशीनला चालत नाही.

हाताची गोधडी आपल्याकडे पुष्कळ बायका कडेने सुरू करतात आणि चौकोनात चौकोन घेत मध्याकडे येतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची गोधडी, जिला त्या कवंदी म्हणतात, तीही अशीच कडेकडून आत शिवली जाते, कोपऱ्यांना 'फुला' म्हणजे दुमडलेले कापडी तुकडे लावून. हाताने ते जमतं, कारण डावा हात गोधडीच्या खाली असतो. दर टाक्याला तो हात सैल कापड चाचपतो, पुढे सारतो, थोडं थोडं जिरवतो. आपल्याला ते कळतही नाही, इतकी त्याची सवय झालेली असते. मशीनमध्ये तो खालचा हात नाही. तिथे आहेत सुईखालच्या पत्र्यातून वर येणारे दाते, आणि ते फक्त सगळ्यात खालचा थर पुढे ओढतात. वरून प्रेशर फूट दाबून बसलेला असतो, तो वरच्या थराला मागे रोखतो. तुमच्या दुपट्याला एकूण सहा थर आहेत. अस्तर पुढे पळतं, चौकोन मागे राहतात आणि मधल्या साड्या कुठेतरी अधल्यामधल्या. एका इंचात हा फरक दिसत नाही. ४० इंचांच्या रेघेत तो बोटभर होतो. कडा आधीच शिवून बंद केल्या असतील तर त्या बोटभर कापडाला बाहेर जायला वाट उरत नाही. तो तुमचा फुगा.

म्हणून मशीनवर पहिली रेघ मध्यावर, आणि मग बाहेर. कड सगळ्यात शेवटी.

पण त्याआधी टाचणं. मी २२ वर्षं मशीनवर दुपटी आणि गोधड्या शिवते आहे. कोणी बिघडलेलं दुपटं घेऊन आलं की मी मशीनबद्दल नंतर विचारते, आधी विचारते की टाचलं कसं होतं. दहापैकी नऊ वेळा उत्तर येतं, "कडेने चार टाचण्या लावल्या होत्या." मशीनवरचं दुपटं दीड तासात शिवून होतं. टाचायला मी तेवढाच वेळ देते, आणि तो वेळ कधी वाया जात नाही.

साड्यांचे थर आधी आपसांत जोडून घ्या. चार थर एकावर एक, सुरकुती न ठेवता पसरा आणि हाताने वीतभर अंतरावर मोठमोठे धावदोरे घाला. आता ते चार थर राहिले नाहीत, दुपट्याचं एक पोट झालं. मशीनला सहा थर सांभाळण्यापेक्षा तीन सांभाळणं किती सोपं जातं ते पहिल्याच रेघेला कळेल. साडी निवडताना ती उजेडासमोर धरा. नऊवारीचा बसायचा भाग विरलेला असतो, तो घेऊ नका. दोन्ही हातांनी कापड ताणून बघा, चर्र आवाज आला तर ती साडी बाळाच्या कामाची नाही. जरीचा काठ कापून टाका, जरी कालांतराने टोचते.

फ्लॅनेल आणि नवं सुती कापड धुऊन वाळवल्याशिवाय कापायचं नाही. फ्लॅनेल चांगलंच आटतं, साड्या मात्र कधीच्या आटून बसलेल्या असतात, मग पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि दुपटं वाटीसारखं होतं. लाल, जांभळं, निळं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने दाबून घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड दुसऱ्या कामाला ठेवा.

आता एक युक्ती, जी आपल्या घरात आधीपासून आहे. अस्तराला भाताची खळ द्या. पातळ पेज गाळून, तेवढंच पाणी घालून त्यात अस्तर बुडवायचं, पिळून वाळवायचं आणि किंचित दमट असताना कडक इस्त्री करायची. खळीने कापडाला अंग येतं, ते दात्यांवर ताठ सरकतं, चुणी धरत नाही. माझ्या हातच्या निम्म्या चुण्या या खळीने गेल्या. शिवून झाल्यावर मात्र दुपटं दोनदा स्वच्छ धुवायचं. खळ राहिली तर कपाटात कसर लागते.

अस्तर सगळ्या बाजूंनी दोन-दोन इंच मोठं कापा. फरशीवर उलटं पसरून चारी बाजूंच्या मध्यावर आणि मग कोपऱ्यांवर चिकटपट्टी लावा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणलं तर पट्टी काढल्याबरोबर ते आखडेल आणि वर चुण्या येतील. पूर्वी सारवलेल्या जमिनीवर गोधडी पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, ते याचसाठी. त्यावर पोट, त्यावर चौकोनांचा थर, आणि मध्यापासून बाहेर तळहाताने सारवत या. मग सेफ्टीपिना. बंद मूठ दुपट्यावर कुठेही ठेवा, तिच्याखाली एक तरी पिन आली पाहिजे. तुमच्या मापाच्या दुपट्याला साधारण ९० ते १०० पिना लागतात. डबीतून १०० मोजून घ्यायच्या आणि शेवटी डबीत १०० परत मोजायच्या. बाळाचं काम आहे, एक पिन आत राहिली तरी ते दुपटं मी कोणाच्या हातात देणार नाही. गुडघ्यांमुळे खाली बसवत नसेल तर हेच काम जेवणाच्या टेबलावर, एक भाग टाचून मग पुढे सरकवत, होतं.

आता मशीन. सरळ रेघांसाठी वॉकिंग फूट मिळाला तर जरूर घ्या. त्याला वरूनही दाते असतात, ते खालच्या दात्यांच्या तालावर वरचा थर पुढे नेतात. घरगुती मशीनला बहुतेक ठिकाणी आखूड दांड्याचा बसतो. त्याची बाहेर आलेली दुबेळक्यासारखी दांडी सुई धरणाऱ्या स्क्रूवर बसली पाहिजे, नाहीतर तो नुसता जड फूट होऊन बसतो. दुकानात मशीनचं मॉडेल सांगूनच घ्या. नाही मिळाला तरी अडत नाही. जुन्या काळ्या मशीनच्या डोक्यावर, प्रेशर फुटाच्या दांड्याच्या बरोबर वर, एक गोल स्क्रू असतो. तो दोन-तीन फेरे सैल करा. दाब कमी झाला की वरचा थर मागे राहायचं प्रमाण खूप कमी होतं. मी पहिली आठ वर्षं याच स्क्रूवर काढली. सुई १४ नंबरची, नवी घाला. एका दुपट्याला एक सुई. शिवताना टक टक आवाज येऊ लागला की सुई बोथट झाली, रेघ पूर्ण करायचीही वाट बघू नका. टाक्याची लांबी ३ मिलिमीटर ठेवा, ब्लाउजच्या बारीक टाक्याने जाड थरांत कापड आवळतं.

खालचे पुंजके बॉबिनचे आहेत असं सगळ्यांना वाटतं, कारण ते खाली दिसतात. ते येतात वरच्या दोऱ्यामुळे. प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही, वरवर राहतो. म्हणून ओवताना फूट वर, शिवताना फूट खाली. मग सुरुवात करताना चाक एकदा हाताने फिरवून खालचा दोरा वर काढून घ्या आणि दोन्ही दोरे बोटाने धरून पहिले तीन टाके घाला. एवढ्याने पुंजके गेले नाहीत तर टेन्शन बघायचं, तेही दुपट्यावर नाही. उरलेल्या तुकड्यांचा त्याच थरांचा वीतभर चौकोन करा, वर लाल दोरा, खाली निळा. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन फार घट्ट आहे. पाठीमागे लाल ठिपके दिसले तर सैल. गाठ दुपट्याच्या पोटात पडली पाहिजे, कुठल्याच बाजूला डोकावता कामा नये.

दुपट्याचा उरलेला भार कुठे आहे तेही बघा. मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबल, खुर्ची, उशा, काहीही लावून तो उचलून धरा. लोंबत राहिला तर तो सुईला ओढतो, आणि मग आपण हाताने उलटं ढकलतो, तिथे टाके लहानमोठे होतात. मधली उभी रेघ आधी, मग तिच्या उजवीकडच्या सगळ्या रेघा बाहेर जात, मग दुपटं फिरवून डावीकडच्या. प्रत्येक अर्ध्यातल्या रेघा एकाच बाजूकडून सुरू करा. एक रेघ वरून खाली आणि शेजारची खालून वर गेली, की दोन रेघांमधलं कापड तिरकं पिळतं. तुमचे चौकोन अंग वळवून बसले आहेत, त्यात याचाही हात असणार.

रेघा किती दाट हव्यात, हे नीट सांगते. बाळाच्या दुपट्याला टाके विरळ हवेत आणि भिंतीवरच्या गोधडीला दाट. हातात कला आली की दुपटं बारीक नक्षीने भरून टाकायचा मोह होतो. मीही भरलं होतं, माझ्या पहिल्या भाच्यासाठी. अर्ध्या इंचावर रेघा, बघणाऱ्याने हात लावून कौतुक करावं असं. ते पुठ्ठ्यासारखं ताठ झालं. बाळाला गुंडाळलं की कोपरा त्याच्या गालाला टोचायचा. वहिनीने शेवटी ते पाटावर अंथरायला घेतलं. तेव्हापासून साड्यांच्या पोटाला मी दोन इंचांवर रेघ घेते, त्याहून जवळ नाही. कापसाच्या तयार लादीला ती किती अंतरापर्यंत शिवली तरी चालते ते पाकिटावर छापलेलं असतं, ते पाळावं. पिंजलेला सुटा कापूस दुपट्यात भरू नका, दोन धुण्यांत त्याचे गोळे होतात. शिवून झालं की दुपटं आडव्या हातावर टाकून बघा. दोन्ही बाजूंनी मऊ लोंबलं पाहिजे.

रेघ संपवताना उलटसुलट शिवून जाड गाठ करू नका. सुरुवातीला आणि शेवटी पाव इंचभर अगदी बारीक टाके घाला, एक मिलिमीटरचे, आणि दोरे कापडालगत कापा. पाठीमागे लोंबता दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळतो आणि ते बोट सुजेपर्यंत कोणाला कळत नाही. याच कारणाने नायलॉनचा पारदर्शक दोरा बाळाच्या कामात घेऊ नये. आरसे, टिकल्या, बटणं, मणी, गोंडे काहीच नको. आणि लेकीला हे सांगून ठेवा, की पहिलं वर्षभर बाळ झोपलेलं असताना अंगावर सैल दुपटं किंवा गोधडी टाकायची नाही, तोंडावर आलं तर श्वास कोंडतो. दुपटं मांडीवर, कुशीत घेताना, आणि जागं असताना खाली अंथरून पालथं खेळवायला. त्यासाठीच ते शिवायचं.

रेघा आखायला टेलरिंगचा खडू किंवा कागदी चिकटपट्टी वापरा. इस्त्रीने पुसले जाणारे पेन मिळतात, त्यांच्या बाबतीत मला एक धडा मिळाला आहे. कॅनडातल्या भाचीसाठी पांढऱ्या मलमलीचं दुपटं शिवलं, अशाच पेनने आखून. इस्त्री फिरवली, एकही रेघ उरली नाही. पार्सल जानेवारीत पोहोचलं आणि तिने फोटो पाठवला तर सगळ्या रेघा परत उमटलेल्या. ती शाई उष्णतेने फक्त दिसेनाशी होते, कडक थंडीत पुन्हा दिसते. तुमची लेक पुण्यात असो की परदेशात, खडू कधी असा उलटत नाही.

कडेची पट्टी अडीच इंच रुंद, दुहेरी दुमडून. सरळ कडेला सरळ धाग्याची पट्टी चालते, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, फक्त गोल कोपऱ्यांना लागते. तुमच्या मापाला ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून पाच पट्ट्या काढा. जोड तिरके घ्या, म्हणजे जाडी एका जागी येणार नाही.

आता भिंतीवरची. इथे सगळं उलटं आहे. ती कोणाच्या अंगावर पडायची नाही, धुवायचीही नाही. तिला सरळ लटकायचं आहे आणि वर्षानुवर्षं तसंच राहायचं आहे. म्हणून दाट शिवण, अर्ध्या ते एक इंचावर, आणि सगळीकडे सारखीच दाट. मध्यभागी भरगच्च आणि कडेला रिकामं सोडलं तर मधला भाग आखडतो, कडा मोकळ्या राहतात आणि भिंतीवर लाटा येतात.

खणाचे धागे फार सुटतात. प्रत्येक तुकड्याच्या पाठीला पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावून मग कापा, आणि शिवणीला पाव इंचाऐवजी अर्धा इंच सोडा. त्यावर थेट इस्त्री नको, मध्ये सुती रुमाल ठेवा. या गोधडीला सुई १२ नंबरची, कारण जाड सुईचं भोक खणाच्या चकाकीवर कायमचं दिसतं. आधी तुकड्यांच्या जोडांच्या खाचेतून शिवून घ्या, उभे जोड आणि मग आडवे. हा सांगाडा बसला की बाकी कुठेही नक्षी भरा, थर हलणार नाहीत.

नक्षीसाठी फ्री मोशन शिका. दाते खाली पाडायचे किंवा झाकायचे, डार्निंग फूट लावायचा, टाक्याची लांबी शून्य, आणि कापड आपल्या दोन हातांनी फिरवायचं. सुई म्हणजे जागेवर स्थिर उभी असलेली लेखणी, आणि कागद आपण हलवतो आहोत. हा फूट कापडाला जेमतेम टेकतो, त्यामुळे तो खाली करायचाच राहून जातो, आणि पुन्हा तेच पुंजके. बायका दोन दिवसांत हात टेकतात, कारण त्या सरळ कापडावर बसतात. आधी ताटात रवा पसरा आणि धुळाक्षरं गिरवावीत तशी बोटाने नक्षी गिरवा, बोट न उचलता. गोपद्म, वेल, नागमोडी वळण. तुमच्या हाताला रांगोळी येतेच, फक्त इथे चिमूट सोडून दुसरीकडे जाता येत नाही, रेघ एकच. चार-पाच दिवसांत बोट पुढची वाट आपोआप शोधू लागतं. मग मशीनवर बसा. मशीन बऱ्यापैकी वेगाने, हात सावकाश, आणि नजर सुईवर नको, सुईच्या पुढे बोटभर. वळणावर हात घाईने फिरला की पाठीमागे पापण्यांसारखे लांब टाके दिसतात. ते दिसले की वळणावर हात हळू करा. हातांना बाजारात मिळणारे रबरी ठिपक्यांचे कामाचे मोजे घाला, पकड येते आणि खांदे दुखत नाहीत.

शिवून झाल्यावर गोधडी पाटासारख्या सपाट जागी चादरीवर पसरा, काटकोनात कोपरे धरून टाचण्या लावा आणि ओल्या रुमालावरून वाफ द्या. खण भिजवू नका, रंग उतरू शकतो. रात्रभर तशीच राहू द्या, मग कड कापून पट्टी लावा. पट्टी लावताना ती ओढू नका आणि कडही ओढू नका.

टांगायला वरच्या कोपऱ्यांत कड्या शिवू नका, मधला भाग झोळ घेतो. पाठीला वर कापडाची नळी शिवा. ८ इंच रुंद पट्टी दुमडून शिवली की पावणेचार इंचांची नळी होते, लांबी गोधडीच्या रुंदीपेक्षा दोन इंच कमी. तिची वरची कड पट्टीखाली हाताने शिवायची, आणि खालची कड शिवण्याआधी नळी अर्धा इंच वर सरकवून थोडं सैल कापड ठेवायचं. काठीची जाडी त्या सैलपणात मावते. तसं केलं नाही तर काठीचा उंचवटा पुढे दिसतो. भिंत आणि गोधडी यांत बोटभर अंतर राहील अशा खुंट्या लावा, पावसाळ्यात ओल आली तरी पाठीला बुरशी धरणार नाही. समोरून ऊन येणारी भिंत टाळा.

राहिलं हातातलं बिघडलेलं दुपटं. ते टाकू नका. एका बाजूने दर चौथा टाका ब्लेडने नाही, उसवणीने कापत जा, मग पाठीमागचा दोरा ओढा, पूर्ण रेघ एका झटक्यात निघते. भोकांवर पाणी शिंपडून नखाने आडवं-उभं घासा, सुती कापडात ती बुजतात. धुऊन, वाळवून, अस्तराला खळ देऊन पुन्हा पसरा. तुमच्याकडे दोन महिने आहेत आणि हे काम तीन दुपारींचं आहे. पहिल्या दुपारी फक्त टाचा, मशीनचं झाकणही उघडू नका.